भाजीवरचं औषध कशाने जातं? मीठ, सोडा, व्हिनेगर की नुसतं नळाचं पाणी?

केतकी_के (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी, कधीची विचारीन विचारीन म्हणत होते, आज शेवटी धागा काढतेच. आधी असा धागा असेल तर लिंक द्या, मी हा उडवायला सांगते. विषय भाजी धुण्याचा, म्हणजे तिच्यावर फवारलेलं कीटकनाशक कसं घालवायचं त्याचा. आमच्याकडे जेवढी माणसं तेवढ्या पद्धती. साबा (सासूबाई) फ्लॉवर-कोबी मीठ-हळदीच्या कोमट पाण्यात टाकतात, बाकी भाज्या नुसत्या नळाखाली धरतात. नवऱ्याने ऑनलाइन एक ओझोनचं मशीन मागवलंय, ते पाण्यात सोडलं की बुडबुडे येतात आणि वर पिवळट फेस जमतो, तो दाखवून तो म्हणतो बघ केवढं विष निघालं. मावशी माझी पाठ वळली की टोमॅटो चक्क भांड्याच्या लिक्विडने धुतात. आणि मी व्हिनेगर, कारण इन्स्टा. लेक आत्ता कुठे सगळं खायला लागलीय, काकडी-टोमॅटो कच्चं मागते, म्हणून जास्त डोक्यात भुंगा. फॅमिली ग्रुपवर रोज एक फॉरवर्ड येतो, एकात म्हणे सोडा टाका ९९ टक्के जातं, दुसऱ्यात म्हणे काहीही केलं तरी जात नाही, मग माणसाने करायचं काय? कुणाला खरी माहिती असेल तर सांगा, 'आम्ही तर काही न धुता खाल्लं आणि धडधाकट आहोत' हे सांगू नका प्लीज, ते माझे सासरे सांगतात.

खादाड_बोका

आम्ही तर काही न धुता खाल्लं आणि धडधाकट आहोत.

(पळतो. माहितीच्या प्रतीक्षेत.)

मंदाआत्या

केतकी, तुझ्या सासूबाईंचं बरोबर आहे गं. फ्लॉवरचे तुरे मोकळे करून मीठ-हळदीच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवायचे, अळ्या आपोआप वर येतात. आम्ही वर्षानुवर्षं तेच करतो. पालेभाजी मात्र निवडून मग धुवायची, जुडी तशीच नळाखाली धरून काही होत नाही, देठात माती तशीच राहते.

रसायनी

मी बरीच वर्षं रेसिड्यू (मालावर उरलेले औषधाचे अंश) तपासणाऱ्या लॅबमध्ये काढलीत (कुठल्या ते विचारू नका), त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी औषधांच्या जाती. एक स्पर्शजन्य, ही पानाफळावर वरच बसतात. सायपरमेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन, बुरशीसाठीचं मॅन्कोझेब ही त्यातली. दुसरी आंतरप्रवाही, ही झाडाच्या रसात शिरून आतून फिरतात. इमिडाक्लोप्रिड, थायोमिथोक्झाम, असिफेट, डायमेथोएट वगैरे. वर बसलेलं धुण्याने कमी होऊ शकतं. आत गेलेलं कुठल्याही पाण्याने निघत नाही, मग त्यात मीठ घाला, सोडा घाला नाहीतर गंगाजल घाला. हे एकदा लक्षात आलं की निम्मे फॉरवर्ड तिथल्या तिथे डिलीट करता येतात.

आता धुण्याबद्दल. अमेरिकेत कनेक्टिकटच्या कृषी प्रयोग केंद्राने २००० साली १२ औषधांवर काम केलं होतं. नळाखाली धुतल्यावर त्यातली ९ बऱ्यापैकी कमी झाली. न हललेल्या तिघांत क्लोरपायरिफॉस होतं, जे आपल्याकडे सर्रास सापडायचं. आणि जे औषध पाण्यात जास्त विरघळतं तेच जास्त निघतं असं काही दिसलं नाही. म्हणजे काम होतं ते धारेने आणि हाताने चोळण्याने. वाडग्यात भाजी बुडवून ठेवून आपण मोबाईल बघत बसलो तर फार काही होत नाही.

सोड्याचं ते ९९ टक्के बहुतेक मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या २०१७ च्या प्रयोगावरून फुगवलेलं आहे. त्यांनी सफरचंदावर दोन औषधं लावून एक टक्का खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात ठेवलं. १२ मिनिटांनी थायाबेंडाझोल ८० टक्के गेलं, १५ मिनिटांनी फॉस्मेट ९६ टक्के. पण हे सालीवरचं. थायाबेंडाझोल २० टक्क्यांच्या आसपास सालीच्या आत उतरलेलं होतं, त्याला सोड्याने काही केलं नाही. सोड्याचं पाणी अल्कधर्मी असतं, त्यात काही औषधं तुटतात, सगळी नाही. एक टक्का म्हणजे लिटरला दोन लहान चमचे, चिमूटभर टाकून उपयोग नाही.

हिसारच्या कृषी विद्यापीठात वांगी, फ्लॉवर आणि भेंडीवर काम झालं होतं, बाजारातून आणलेल्या आपल्याच भाज्या. धुवून २० ते ७७ टक्के कमी झालं, उकडून ३२ ते १०० टक्के. ही रेंज बघा केवढी मोठी आहे. म्हणून कुणी एकच आकडा छातीठोक सांगितला की समजायचं काहीतरी विकायला आलाय.

@मंदाआत्या, मीठ-हळदीने अळ्या निघतात हे शंभर टक्के खरं, त्यासाठी जरूर करा. पण औषधासाठी ती वेगळी जादू नाही. दोन टक्के मिठाच्या पाण्याने (लिटरला एक मोठा चमचा) थोडाफार फायदा होतो, नंतर साध्या पाण्याने खळबळून घ्यायचं.

केतकी_के

बाप रे, रसायनीताई (की दादा?) खूप खूप धन्यवाद! आणि तो फेस? नवरा आत्ता शेजारी बसून वाचतोय म्हणून विचारतेय.

रसायनी

ताई. :)

फेस म्हणजे विष नव्हे हो. पाण्यातून जोरात हवा सोडली की भाजीतली प्रोटीनं, सॅपोनिनं (वनस्पतीतली साबणासारखी द्रव्यं), थोडं मेण, माती यांचा फेस होणारच, बिनफवारणीच्या परसातल्या पालकाचाही होईल. करून बघा. औषधाचे अंश किलोला मिलिग्रॅममध्ये मोजतात, ज्या औषधाची मर्यादा वेगळी ठरवलेली नाही त्याला एफएसएसएआयची (सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅम. ते डोळ्यांना दिसायला लागलं तर आमची कोट्यवधींची मशीनं कशाला लागली असती.

ओझोनने काही औषधं तुटतात हे लॅबमध्ये दिसलेलं आहे, नाही असं नाही. पण किती ओझोन, किती वेळ, पाणी किती, यावर सगळं अवलंबून असतं, घरगुती मशीन नेमकं किती सोडतंय हे आपल्याला कळायला मार्ग नाही. शिवाय क्लोरपायरिफॉससारख्या औषधांचं ऑक्सिडेशन झालं की मधल्या टप्प्यावर जे तयार होतं ते मूळ औषधापेक्षा जहाल असतं. आणि बंद स्वयंपाकघरात ओझोन हुंगणं लहान मुलांना बरं नाही, खिडकी उघडी ठेवा. पोटॅशियम परमँगनेटचंही तेच, ते जंतूंसाठी, प्रमाण चुकलं तर उलटा ताप.

भांड्याचं लिक्विड मात्र आजच बंद. फळभाजीची साल काचेसारखी नसते, ती शोषते, मग ते पोटात जाणार.

केतकी_के

नवरा म्हणतोय मशीन रिटर्नची तारीख गेली.

खादाड_बोका

त्यात पाय बुडवून बसा, फेस येतोच आहे.

अट्टल_सदाशिव

एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा सरळ ऑरगॅनिक घ्या की. आम्ही गेली काही वर्षं तेच घेतो, महाग पडतं पण डॉक्टरपेक्षा स्वस्त. शेतकऱ्यांना आता फक्त पैसा दिसतो, हावरटपणाने डबल डोस मारतात, आणि स्वतःच्या घरी खायला वेगळा वाफा ठेवतात हे मी स्वतः पाहिलेलं आहे. लोकांना विष घालून स्वतः शुद्ध खायचं!

ओतूरकर

सदाशिवराव, नमस्कार. मी जुन्नर तालुक्यातला, वांगी भेंडी टोमॅटो करतो, म्हणजे तुमच्या हिशोबाने विष घालणारा तो मीच. वाचनमात्र असतो एरवी, आज लिहितो, शुद्धलेखन चालवून घ्या.

वाफ्याचं खरं आहे, लपवत नाही, माझ्याही घरामागं चार वांग्याची झाडं हायत. पण का ते ऐका. चार झाडांवरची कीड आमची आई सकाळी हातानं वेचते. दोन एकरावरची कोण वेचणार, मजुरी काय चाललीय म्हाईत आहे का? वांग्याला शेंडे आणि फळ पोखरणारी अळी असते. शेंडा मलूल होऊन मान टाकतो, मोडून बघितला की आत बारीक गुलाबी अळी. पतंग अंडी घालतो, अळी निघाल्याबरोबर पोखरून आत शिरते, एकदा आत गेली की औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून मग ती आत जायच्या आधी गाठायला लोक चार-पाच दिवसाला पंप पाठीवर घेतात. हौस नाय कुणाला, औषधाच्या बाटलीचे भाव बघा एकदा कृषी सेवा केंद्रात जाऊन.

आता तुमच्या ताटातला खरा प्रश्न सांगतो. तो डोसाचा कमी आणि दिवसाचा जास्त आहे. प्रत्येक औषधाला फवारणीनंतर किती दिवसांनी तोडा करायचा ते ठरवून दिलेलं असतं, आन् ते पिकावार वेगळं. क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल म्हणून औषध आहे, हिरव्या त्रिकोणाचं, म्हणजे विषारीपणात सगळ्यात खालच्या गटातलं. टोमॅटोला आणि कोबीला ३ दिवस. वांग्याला २२ दिवस. बावीस! वांग्याचा तोडा चार-पाच दिवसाला असतो. सांगा आता बावीस दिवस वांगी झाडावर ठेवून काय त्याचं बी धरू? इमामेक्टीनला भेंडीवर ५ दिवस, आणि भेंडी तर एक दिवसाआड तोडावीच लागते, निबर झाली की गिऱ्हाईक शेंडा मोडून बघतं आणि तसंच टाकून पुढं जातं. म्हणजे एका फवारणीला दोन तोडे बांधावर फेकायचे. इमिडाक्लोप्रिड मिरचीला ४० दिवस, भेंडीला ३. हे सगळं लेबलसोबतच्या घडीच्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरात असतं. दुकानातल्या पोराला सांगितलं वांगी हायत अळी पडलीय, की तो बाटली काढून देतो, दिवस सांगत नाही, आपण विचारत नाही.

आणि मार्केटात काय होतं? क्रेट उघडला की व्यापारी वरची दोन वांगी फिरवून बघतो, एकाला भोक दिसलं की अख्ख्या क्रेटचा भाव पाडतो. औषध मारून किती दिवस झाले असं मला आजपर्यंत कुणी विचारलेलं नाही. व्यापाऱ्यानं नाही, हॉटेलवाल्यानं नाही, तुम्हीपण नाही. मी पाच दिवस थांबलेली भेंडी आणि शेजाऱ्यानं काल फवारून आज तोडलेली भेंडी एकाच भावानं जाते. उलट त्याचीच जास्त चकचकीत दिसते.

मंदाआत्या

हे वाचून वाईट वाटलं हो दादा. पण आमच्या पोटात जातं त्याचं काय?

अट्टल_सदाशिव

@ओतूरकर, तुमची अडचण समजली तरी चूक ती चूकच. लेबलवर २२ लिहिलंय तर ते औषध वांग्याला वापरू नका. साधी गोष्ट आहे.

ओतूरकर

बरोबर बोललात, मी नाही वापरत तोडा चालू झाल्यावर. लागवड लहान असताना एखादं, मग बंद. फुलोऱ्यापासनं कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावतो, मलूल शेंडे आठवड्याला काढून जाळतो, ५ टक्के निंबोळी अर्क मारतो, आणि फारच झालं तर कमी दिवसाचं औषध तोडा झाल्या झाल्या संध्याकाळी, म्हंजे पुढच्या तोड्याला जेवढे जास्त मिळतील तेवढे दिवस मिळतात. पण एकट्यानं सापळे लावून काय होतंय, शेजारच्या प्लॉटमधून पतंग येतातच. आमच्या शिवारात सगळ्यांनी मिळून लावले त्या सालात फरक दिसला होता, पुढच्या साली निम्म्यांनी ल्यूर (सापळ्यातली वासाची गोळी) बदललीच नाही, बसलो परत बोंबलत.

तरी दहा वांग्यातली दोन किडकी निघतात. ती तुम्ही घेता का हो सदाशिवराव? मनापासून विचारतो.

खादाड_बोका

पॉपकॉर्न (न धुतलेले).

द्राक्षवेल

ओतूरकर दादांशी सहमत, त्यात आमच्या नाशिककडचा अनुभव जोडतो. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले होते आठवतंय का? क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश निघाले म्हणून. हे कीटकनाशकही नव्हे, वेलीची वाढ रोखायला वापरतात ते औषध, आपल्याकडे कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं. मोठा फटका बसला होता, घरंच्या घरं हादरली. पण नंतर काय झालं ते महत्त्वाचं. आज एक्स्पोर्टच्या बागेची नोंद ग्रेपनेटवर (निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेत) असते, पुण्याजवळच्या मांजरी गावातलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र दर हंगामात यादी काढतं, आम्ही तिला 'अनेक्शर फाइव्ह' म्हणतो, कुठलं औषध चालेल आणि काढणीआधी किती दिवस बंद, सगळं त्यात. काढणीच्या आधी लॅबचा माणूस बागेत येऊन सॅम्पल नेतो. रिपोर्टमध्ये आकडा वर आला तर माल थांबवायचा. अडाणी म्हणवणारे बागायतदार पीएचआय (काढणीआधी औषध बंद ठेवायचे दिवस) आणि एमआरएल (मालात चालणाऱ्या अंशाची कमाल मर्यादा) तोंडपाठ म्हणून दाखवतात. काही जण तर 'जैविक' म्हणून आणलेली बाटलीसुद्धा टेस्टला पाठवतात, त्यात भलतंच काही मिसळलेलं नको म्हणून.

म्हणजे शेतकऱ्याला जमत नाही असं नाही. समोरचा विचारतो आणि त्याचे पैसे देतो तिथे जमतं. त्याच तालुक्यात लोकल मार्केटला जाणाऱ्या बागेला हे काहीच नसतं, तिथे साखर आणि रंग बघतात. भेंडी-वांग्याला तर घरच्या बाजारासाठी अशी साखळीच नाही.

सीमोल्लंघन (नेदरलँड्स)

वाचतेय, मस्त चर्चा. इकडच्या बाजूने थोडं, युरोपने भारतातून येणाऱ्या भेंडीला आणि कढीपत्त्याला जास्त तपासणीच्या यादीत टाकलं होतं, त्यामुळे इंडियन दुकानात कढीपत्ता एकेकदा गायब असतो आणि आला की सोन्याच्या भावाने. इकडे काचगृहातल्या ढोबळ्या मिरचीत मित्रकीटक सोडतात, पाकिटात भरून विकत मिळतात. पण ते काचेच्या आत, उघड्या वावरात तेच करा म्हणणं सोपं आहे. म्हणून सल्ला देत नाही.

कढीपत्त्यावर कुणी बोललंच नाही, तो कसा धुता तुम्ही?

तिरुअनंत

कढीपत्त्यावर मी बोलतो. नोकरीमुळे तिरुअनंतपुरमला असतो, इथे केरळ कृषी विद्यापीठाची वेल्लायनीला लॅब आहे, ते लोक बाजारातल्या भाज्या तपासून रिझल्ट लोकांसमोर ठेवतात, आणि घरी काय करायचं तेही सांगतात. कढीपत्ता, कोथिंबीर, हिरवी मिरची यांना चिंचेचं पाणी. लिटरला साधारण वीस ग्रॅम चिंच कोळून गाळायचं, त्यात पंधराएक मिनिटं बुडवायचं, मग दोनदा साध्या पाण्यात. कढीपत्त्याला काड्यांवरून पानं ओरबाडून मग बुडवा, डहाळी तशीच नको. नंतर फडक्यावर कोरडा करून फ्रीजमध्ये. बायको म्हणते चिंचेचा वास राहत नाही, मला राहतो असं वाटतं. :) कढीपत्ता आपण एरवी धूतच नाही, सरळ तेलात टाकतो.

केतकी_के

अरे हो, मी खरंच कढीपत्ता नुसता झटकून टाकते!

वऱ्हाडी_ठेचा

सगळे आपापल्या ताटाचं बोलून राह्यले म्हणून एक लिहितो. मी यवतमाळकडचा. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारता फवारता आमच्या जिल्ह्यात वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते, कुणाची नजर अधू झालती. त्या साली कपाशी माणसाच्या डोक्यावर वाढली होती, औषध मारलं की ते सगळं अंगावरच पडे. हातमोजे नाहीत, मास्क नाही, त्या गर्मीत ते घालून कोण दिवसभर चालणार. दोन-तीन औषधं एकाच पंपात मिसळून मारत, कारण दुकानदारानं तसंच सांगितलं. भाजीवर येतो तो अंश, त्याच्या आधीचं अख्खं औषध कुणाच्या तरी पाठीवरून गेलेलं असते. बस एवढंच.

मंदाआत्या

खरंच आहे बाबा. हे आमच्या डोक्यातही येत नाही.

रसायनी

@वऱ्हाडी_ठेचा, हे लिहिलंत ते बरं केलंत. मोनोक्रोटोफॉससारखं लाल त्रिकोणाचं (सगळ्यात जहाल गटातलं) औषध भाज्यांवर वापरायला २००५ पासून बंदी आहे, तरी ते कपाशीच्या नावाने दुकानातून मिळायचं आणि तिथून भाजीवर जायचं. आमच्याकडे भाजीत ते सापडलं की कळायचं कुठून आलंय. २०२० साली केंद्राने २७ औषधांवर बंदीचा मसुदा काढला होता, शेवटी २०२३ मध्ये त्यातल्या मोजक्याच औषधांवर आदेश निघाला. बाकी तुम्ही समजून घ्या.

ऑरगॅनिकबद्दल अट्टल_सदाशिव यांना, दुकानाच्या पाटीवर जाऊ नका, पाकिटावर सेंद्रिय मालाचा सरकारमान्य लोगो आणि पीजीएस किंवा एनपीओपी (सेंद्रियच्या सरकारी प्रमाणन योजना) सर्टिफिकेटचा नंबर आहे का बघा. नुसत्या विश्वासावर घेत असाल तर ओतूरकरांसारख्या माणसाकडून घ्या, तो निदान कधी काय मारलं ते सांगतो तरी. आणि आणखी एक, एमआरएल ओलांडलं म्हणजे खाल्लं की आजारी असं नसतं, ती औषध नीट वापरलं की नाही याची रेघ आहे. तब्येतीची मर्यादा वेगळी काढतात, प्राण्यांवर ज्या डोसाला काही दिसत नाही त्याच्याही साधारण शंभरपट खाली. त्यामुळे भाजी खाणं कमी करू नका, विशेषतः लेकराचं.

अट्टल_सदाशिव

लोगो नाहीये. चौकशी करतो दुकानात.

केतकी_के

रसायनीताई, मग रोजचं म्हणून तुम्ही स्वतः घरी काय करता ते सांगा ना, थिअरी नको.

रसायनी

घरी मी फार नाटकं करत नाही. टोमॅटो, वांगी, काकडी, ढोबळी या अख्ख्याच, देठासकट, नळाच्या धारेखाली हाताने चोळायच्या, एकेकीला अर्धा मिनिट तरी. चिरून मग धुवायची नाही, आतलं सत्त्व वाहून जातं आणि वरचं आत जातं. देठाच्या खाचेत औषध साचून राहतं, ढोबळीचा देठाकडचा खोलगट भाग आणि टोमॅटोचा हिरवा टोप मी चाकूने काढून टाकते. काकडी कच्ची द्यायची तर लेकीला सोलून द्या, मेणात मुरलेली औषधं सालीबरोबर बरीच जातात. कोबीची बाहेरची दोन-तीन पानं टाकायची. भेंडी धुवून, पुसून, मग चिरायची, हे तर सगळ्यांना माहीत आहेच, न पुसता चिरली की काय होतं तेही.

पालेभाजीला सगळ्यात जास्त वेळ द्या, वजनाच्या मानाने पानांचा पसारा मोठा, त्यामुळे औषध धरूनही तीच ठेवते. निवडून मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात हाताने घुसळायची, आणि पानं वर उचलून काढायची. पातेलं चाळणीत उपडं केलं की खाली बसलेली माती परत पानांवर. पाणी बदलून तीन वेळा. पालक उकळत्या पाण्यात मिनिटभर घालून ते पाणी फेकलं तर आणखी कमी होतं, चवीचं तुम्ही बघा.

मॅन्कोझेबचा पांढरा थर टोमॅटोवर दिसला तर नीट चोळून घालवा, 'शिजलं की जातंच' म्हणून सोडू नका, गरम केल्यावर त्याचं इथिलीन थायोयुरिया होतं आणि ते जास्त वाईट. द्राक्षावरचा मात्र तो पांढुरका थर बहुतेक वेळा द्राक्षाचं स्वतःचं मेण असतं, त्याला घाबरून साबण लावू नका.

आणि भाजीवाली एकच ठेवू नका, भाज्याही आलटून पालटून. रोज फ्लॉवर खाल्ला तर एकाच प्रकारची औषधं रोज. शेपू, अंबाडी, लाल माठ, तोंडली, सुरण, शेवग्याच्या शेंगा असं फिरतं ठेवा.

खादाड_बोका

शेपू? त्यापेक्षा औषध परवडलं.

मंदाआत्या

बोक्या, शेपूला नावं ठेवायची नाहीत. मुगाची डाळ घालून कर आणि मग बोल.

द्राक्षवेल

शेपू धागा वेगळा काढा, इथे सुरू झालं तर पाचशे प्रतिसाद होतील.

केतकी_के

वाखु (वाचनखूण) साठवली! @ओतूरकर दादा, एक विचारू का, आमच्या सोसायटीत ऐंशी फ्लॅट आहेत, बाणेरला. तुम्ही थेट भाजी देता का? म्हणजे फवारून किती दिवस झाले ते सांगून. किडकी दोन चालतील, मी खरंच सांगतेय, आमच्या ग्रुपवर विचारलं तर वीसेक जणींनी हात वर केलेत.

ओतूरकर

ताई, देऊ की. पण आधीच सांगतो म्हणजे नंतर वाकडं नको. याआधी दुसऱ्या एका सोसायटीला देत होतो, पहिले काही आठवडे सगळे खूश, मग एक बाई भोकवालं वांगं लिफ्टमधनं परत घेऊन खाली आल्या, मग दुसऱ्या. मग मेसेज आला की शेजारच्या मॉलमध्ये दहा रुपयानं स्वस्त आहे. टेम्पोचं भाडं अंगावर आलं.

म्हणून असं करू. आठवड्यातनं एकच दिवस गाडी येईल, गेटवर. दारात पोच करायला माणूस नाही. ऑर्डर दोन दिवस आधी, पैसे पण आधी. कुठल्या प्लॉटला कधी काय मारलं ते मी वहीत लिहितोच, त्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकीन. फवारणीचे दिवस भरले नसले तर त्या आठवड्यात भेंडी मिळणार नाही, त्याऐवजी घोसाळी नाहीतर गवार, 'भेंडीच पाहिजे' म्हणायचं नाही. भाव मी मार्केटच्या वर थोडा धरीन पण वर्षभर फार हलवणार नाही, मार्केटात वांगी दोन रुपयाला गेली तरी तुम्ही तोच द्यायचा आणि साठला गेली तरी मी तोच घ्यायचा.

केतकी_के

दादा मला सगळं मान्य आहे, भावाचं ग्रुपवर टाकते, त्यावर भांडण होणार हे नक्की. गेटवर गाडी उभी करायला सेक्रेटरींची परवानगी लागेल, ते जरा तापट आहेत. तुम्हाला विपु (विचारपूस, म्हणजे इथला निरोप) करते.

अट्टल_सदाशिव

बाणेरचीच गाडी कर्वे रोडवरून जाते का? आमच्याकडे सहा घरं होतील. किडकी चालतील. फार नाही, एखाद-दुसरं.